रॅम्प आहे, मग पुढे? – अपंग विद्यार्थी आणि आपली कॉलेजं

सदाफुली

भाच्याने यंदा कला शाखेतून बारावी केली, मार्क चांगले पडलेत. गाव सोलापूर जिल्ह्यातलं, आता पुण्यात राहून बीए अर्थशास्त्र करायचंय. त्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. समोरचं थोडं दिसतं, बाजूचं दिसत नाही, आणि अंधार पडला की जवळजवळ काहीच नाही. मोठ्या अक्षरातलं थोडा वेळ वाचतो, बाकी सगळं मोबाईलवर ऐकतो. ताई-भाऊजींना शेती सोडून इथे येणं जमत नाही, त्यामुळे कॉलेजं पालथी घालायचं काम मावशीकडे, म्हणजे माझ्याकडे.

सगळीकडे मी एकच विचारते: याच्यासाठी तुमच्याकडे काय सोय आहे? आणि सगळीकडे उत्तर तेच येतं, "रॅम्प आहे." एका ठिकाणी तर ऑफिसातल्या बाई उठल्या आणि आम्हाला दारापर्यंत नेऊन रॅम्प दाखवला. भाचा म्हणाला, "मॅडम, पायऱ्या मला चढता येतात." बाई गोंधळल्या. "मग अडचण काय आहे?"

इथे विद्यापीठाच्या, परीक्षा विभागाच्या कामातले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. पाच टक्के जागा राखीव असतात म्हणे, त्या सगळ्या कॉलेजांना लागू आहेत का? सेमिस्टरच्या परीक्षेला रायटर कसा मिळतो? मराठी माध्यमाची पुस्तकं ऐकता येतील अशी कुठे मिळतात? आणि हे सगळं कोणाकडे मागायचं? प्रत्येक टेबलवर "बघू, काहीतरी करू" म्हणतात. माणसं वाईट नाहीत हो. पण "बघू" वर तीन वर्षं कशी काढायची?

वाफाळता_चहा

वाचतोय. रॅम्पचा किस्सा भारी.

आवक_जावक

परीक्षा विभागात बरीच वर्षं खुर्ची उबवतोय, त्यामुळे रायटरचं मी सांगतो.

आधी जागांचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३२ म्हणतं की सरकारी आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षण संस्थांनी किमान ५ टक्के जागा राखून ठेवायच्या. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व हवं. वयाची अटही ५ वर्षांनी शिथिल होते. १९९५ च्या जुन्या कायद्यात हे ३ टक्के होतं आणि अपंगत्वाचे प्रकार ७ होते, आता २१ आहेत. विनाअनुदानित कॉलेजला हे कलम थेट बांधत नाही, तेव्हा कॉलेज निवडताना तेवढं विचारून घ्या.

रायटर म्हणजे कागदोपत्री लेखनिक. केंद्राच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचना होत्या, २०२५ मध्ये केंद्राने नव्या काढल्यात, तेव्हा चालू सूचना बघून छापून जवळ ठेवा. २०१८ च्या सूचनांत असं होतं: तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ. म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. स्वतःचा लेखनिक आणला तर तो विद्यार्थ्यापेक्षा एक पायरी कमी शिकलेला हवा. परीक्षा घेणाऱ्याने दिला तर विद्यार्थ्याला दोन दिवस आधी त्याला भेटू द्यायचं. लेखनिक नको असेल तर कॉम्प्युटरवरही पेपर लिहिता येतो.

आता जे सूचनांत नाही ते. अर्ज विद्यापीठात थेट येत नाही, कॉलेजमार्फत येतो. कॉलेज तो परीक्षेचे फॉर्म भरताना पाठवत नाही, हॉल तिकीट आल्यावर पाठवतं. मग आमच्याकडे पेपरच्या आदल्या दिवशी फोन: "साहेब, एक अंध विद्यार्थी आहे, काय करायचं?" त्या घाईत मिळेल तो लेखनिक बसतो. मराठी माध्यमाच्या पोराला इंग्रजी शाळेतला अकरावीचा मुलगा दिलेला मी पाहिलाय. त्याला जोडाक्षरं लिहिता येत नव्हती आणि विद्यार्थी एकेक शब्द सोडवून सांगत बसला होता. जादा तास तिथेच गेला.

तेव्हा अर्ज जूनमध्ये द्या. सहाही सेमिस्टरसाठी एकच, प्राचार्यांच्या नावाने. आणि त्यात अंतर्गत चाचण्यांचा स्पष्ट उल्लेख करा. जादा वेळ फक्त विद्यापीठाच्या पेपरला, अशी बहुतेक स्टाफरूममध्ये ठाम समजूत आहे. तिकडे वीस मार्कांची चाचणी पोरगा अर्धीच सोडवतो.

कानसेन

सदाफुली, मी जन्मांध आहे. बीए-एमए मराठी माध्यमातून, अर्थशास्त्रच, आणि आता बँकेत आहे. तेव्हा भाच्याच्या पुढ्यात काय येणार आहे ते क्रमाने सांगू शकतो.

रायटरची भीती लोकांना जास्त वाटते, पण तो प्रश्न वर्षातून दोनदा येतो. वाचायचं रोज असतं.

विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर नोट्सची पीडीएफ टाकतात. डोळसांना ती मराठीत दिसते. पण ती जुन्या फॉन्टमध्ये असेल, म्हणजे कृतिदेव, श्रीलिपी वगैरे, तर आतून ती मराठी नसतेच. इंग्रजी अक्षरांना मराठीचे कपडे चढवलेले असतात. कृतिदेवमध्ये टाइप केलेला 'मराठी' हा शब्द स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणाऱ्या सॉफ्टवेअरला) 'ई, जे, के, बी, एच' असा मिळतो. चाळीस पानं असं ऐकून बघा. दुसरा प्रकार झेरॉक्सच्या झेरॉक्सचा मोबाईलने काढलेला फोटो. तो मशीनच्या दृष्टीने नुसतं चित्र. त्याला ओसीआर करावं लागतं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवावा लागतो, आणि पान तिरकं असेल, कडेला कोणीतरी पेनाने 'व्हेरी इम्पॉर्टंट' लिहिलं असेल की सगळा चिवडा.

यावर उपाय फुकट आहे. सरांनी नोट्स युनिकोडमध्ये, म्हणजे आतूनही मराठीच राहणाऱ्या अक्षरांत, टाइप करायच्या आणि वर्डची फाईल तशीच द्यायची. बस. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडरही फुकट आहे, मराठी बोलतो. आवाज यंत्रासारखा आहे, पण आठवड्यात सवय होते. मी तो ज्या वेगाने ऐकतो तो बायकोला भांडण वाटतं.

दुसरं आकृत्यांचं. अर्थशास्त्रात पहिल्या महिन्यातच मागणी-पुरवठ्याचे वक्र येतात. सर फळ्यावर काढतात आणि म्हणतात, "हा बघा, इथून असा खाली आला, आणि हा असा वर गेला, इथे छेदला." 'हा', 'इथे', 'असा' यांतून मला काय मिळालं? तेच सर "मागणी वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो, उभ्या अक्षावर किंमत, आडव्यावर नग" एवढं तोंडाने बोलले तर काम झालं. वर्गातल्या बाकीच्या साठ जणांनाही ते बरंच पडतं. मला एका मॅडमनी रबराच्या पाटीवर प्लास्टिकचा कागद ठेवून बॉलपेनने वक्र काढून दिले होते. रेघ उठते, बोटाला लागते. समतोल बिंदू मला तिथे कळला, तोवर नुसता पाठ होता.

पुस्तकं: केंद्र सरकारचं सुगम्य पुस्तकालय, म्हणजे अंधांना वाचता-ऐकता येतील अशा पुस्तकांचं ग्रंथालय, २०१६ पासून ऑनलाइन आहे, नोंदणी करा. मराठी क्रमिक पुस्तकांच्या बाबतीत फार आशा ठेवू नका. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधलं दृष्टिहीनांसाठीचं रिसोर्स सेंटर २००३ पासून चालू आहे, त्यांच्याशी बोला. आणि कोणी कॉपीराइटचा बागुलबुवा दाखवला तर सांगा की २०१२ च्या दुरुस्तीनंतर अपंग व्यक्तीला वापरता येईल अशी प्रत तयार करून देणं हा भंग नाही. अंधांसाठी पुस्तकांच्या अशा प्रती करू देणाऱ्या आंतरराष्ट्रीय माराकेश करारावर पहिल्यांदा शिक्कामोर्तब करणारा देश आपलाच आहे, २०१४ मध्ये. आपण करार पटकन करतो.

रोखठोक

सगळ्यांना सहानुभूती आहेच, पण दुसरी बाजूही मांडतो. जागा राखीव, वेळ जास्त, वर लिहायला माणूस. हुशार रायटर मिळाला तर पेपर कोण सोडवतो ते देवालाच ठाऊक. बोगस प्रमाणपत्रांच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. सर्वसाधारण घरातल्या मुलावर हा अन्याय नाही का? आणि आता लर्निंग डिसॅबिलिटी नावाचं नवीन खूळ. आमच्या वेळी अशा मुलांना 'अभ्यासात कच्चा' म्हणायचे आणि ती शेती-धंद्यात उत्तम चालायची.

काळी_माती

रोखठोक, 'अभ्यासात कच्चा' म्हणून आमच्या घरात माझ्या थोरल्या दिरांना शाळेतून काढलं होतं. माणूस तोंडी हिशोबात आजही सगळ्या भावकीला ऐकत नाही. माझ्या मुलालाही तेच आहे, फरक इतकाच की त्याचं निदान झालं. डिसग्राफिया. उत्तर तोंडाने विचारा, मुद्देसूद सांगेल. लिहायला बसवलं की तिसऱ्या ओळीला हात आखडतो आणि अक्षर त्याचं त्यालाच लागत नाही.

दहावी-बारावीला बोर्डाने सवलत दिली, काही त्रास नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला ऑफिसात सांगितलं, "प्रमाणपत्र ४० टक्क्यांच्या खाली आहे, तुम्हाला काहीच मिळणार नाही." आम्ही मुकाट घरी आलो. एक विषय राहिला. मला कोणी सांगेल का, बारावीपर्यंत असलेलं अपंगत्व कॉलेजच्या गेटवर बरं होतं का?

आवक_जावक

काळीमाती, ते चुकीचं सांगितलं तुम्हाला.

११ फेब्रुवारी २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, विकास कुमार विरुद्ध यूपीएससी. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचाच त्रास होता. न्यायालयाने सांगितलं की ४० टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे, लेखनिकासारख्या सोयीसाठी ती लावता येत नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला केंद्राने ४० टक्क्यांखालच्या, पण लिहायला अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. ते करून घ्या आणि अर्ज द्या. तोंडी नकार देत असतील तर म्हणा, "नकार लेखी द्या." टेबलापलीकडचा माणूस म्हणून सांगतो, या वाक्याला आम्ही घाबरतो.

रोखठोक, बोगस प्रमाणपत्रवाले आहेत, मीही पकडलेत. त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आलंय, पर्यवेक्षक असतो, सीसीटीव्ही असतो. प्रमाणपत्र खोटं असेल तर प्रमाणपत्र देणाऱ्याला धरा. खऱ्याचा तास कापून खोट्याला कशी शिक्षा होते?

कानसेन

आणि 'हुशार रायटर' हा प्रकार एकदा मला भेटवाच. मला भेटलेल्यांपैकी एकाने 'सीमांत उपयोगिता' चं 'श्रीमंत उपयोगिता' केलं होतं. परीक्षकाने मार्क दिले की नाही माहीत नाही, पण सिद्धांत तसा चुकीचा नव्हता.

वाफाळता_चहा

श्रीमंत उपयोगिता! फुटलो.

फळा_खडू

मी अनुदानित कॉलेजात शिकवतो, तेव्हा रॅम्पचं रहस्य उलगडतो.

नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था. तिच्या सातव्या निकषात 'दिव्यांगस्नेही परिसर' असा मुद्दा असतो. त्यात रॅम्प किंवा लिफ्ट, स्वच्छतागृह, फलक, वाचनासाठी तंत्रज्ञान, लेखनिक वगैरे येतं. पुरावा म्हणून फोटो जोडायचे असतात. रॅम्पचा फोटो काढता येतो. लेखनिक वेळेवर मिळाला याचा फोटो कसा काढणार? म्हणून समिती यायच्या आधी सिमेंट पडतं. अशा विद्यार्थ्यांच्या मदतीसाठीचं समान संधी केंद्र आमच्याकडेही आहे, म्हणजे दारावर पाटी आहे आणि आत क्रीडा विभागाचं सामान. समन्वयक कोण? ज्याला नाही म्हणता आलं नाही तो. त्याच्याकडे आधीच एनएसएस आणि परीक्षेचं काम असतं. या कामाला तासिका नाही, निधी नाही, कारकून नाही.

बरं, तो रॅम्पसुद्धा धड असतो का? १ फूट चढायला १२ फूट लांबी लागते, हे प्रमाण ठरलेलं आहे. सहा-सहा इंचाच्या तीन पायऱ्या असतील तर अठरा फुटांचा रॅम्प हवा. आमचा मोजला, आठ फूट भरला. त्यावरून व्हीलचेअर वर जाणार नाही आणि खाली येताना थांबणार नाही.

एक आकडा देतो. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात २०२०-२१ साली देशभरात ४.१४ कोटी विद्यार्थी होते, त्यांत अपंग विद्यार्थी साधारण ७९ हजार. म्हणजे हजारात दोनसुद्धा नाहीत. तर २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येच्या २.२१ टक्के लोक अपंग होते. पाच टक्के जागांनी कोणाचं काही हिरावलं जातंय असं ज्यांना वाटतं, त्यांनी या जागा किती भरतात ते आपल्या कॉलेजात विचारावं. त्या भरल्या जात नाहीत म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०१७ मध्ये सगळ्या संस्थांना पुन्हा बजावावं लागलं होतं.

लाल_मुंगी

व्हीलचेअरवाली हजर आहे. फळाखडू, तुमच्या आठ फुटी रॅम्पसारख्याच एकावरून मी दोन मित्र मागे धरून उतरायचे, उलटी. रॅम्पच्या तोंडाशी बुलेट लावलेली असायची ते वेगळंच.

पण मला टॉयलेटबद्दल लिहायचंय, कारण ते कोणी लिहीत नाही. आमच्या कॉलेजात 'दिव्यांगांसाठी' स्वच्छतागृह होतं. कुलूप लावलेलं. किल्ली शिपाई मामांकडे आणि मामा बँकेत गेलेले. उघडलं की आत फिनाइलचे कॅन, मोडके बाक, गॅदरिंगचे पडदे. मी सकाळी घरून निघताना चहा घेत नव्हते आणि संध्याकाळपर्यंत पाणी पीत नव्हते. दुसऱ्या वर्षी किडनी इन्फेक्शन झालं आणि हजेरी कमी पडली. हजेरी कमी म्हणून प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. केबिन दुसऱ्या मजल्यावर!

शेवटी सुटलं कसं? नवीन विभागप्रमुख आल्या. त्यांनी वेळापत्रक घेतलं आणि आमच्या वर्गाची सगळी लेक्चरं तळमजल्यावरच्या खोलीत हलवली. खर्च शून्य. आणि किल्लीची एक प्रत मला करून दिली, पंचवीस-तीस रुपयांचं काम. दोन वर्षं मी जे 'बजेट नाही' ऐकत होते ते हे बजेट.

टेम्सकाठी

इंग्लंडमध्ये विद्यापीठात शिकवते. इथलं थोडं सांगते, कौतुक म्हणून नाही.

इथे २०१० चा समानता कायदा आहे. त्यात एक कळीची गोष्ट अशी की विद्यापीठाची जबाबदारी विद्यार्थी येऊन मागण्यापासून सुरू होत नाही. अंध, बहिरे, डिस्लेक्सिया असलेले विद्यार्थी येणारच आहेत असं धरून तयारी आधीच करून ठेवायची असते. मला सत्र सुरू व्हायच्या आधी यादी येते: अमुक विद्यार्थ्याला स्लाइड्स आदल्या दिवशी, तमुकला २५ टक्के जादा वेळ. निदान काय ते मला सांगत नाहीत, मला त्याची गरजही नसते. लाल मुंगीच्या विभागप्रमुखांनी जे केलं ते इथे एका बाईंच्या चांगुलपणावर सोडलेलं नाही.

पण स्वर्ग नाही. ब्रिस्टल विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणारी एक मुलगी होती, लोकांसमोर बोलण्याची तीव्र भीती असलेली. तिची तोंडी परीक्षांची पद्धत बदलली गेली नाही. २०१८ मध्ये तिने जीव दिला. २०२२ मध्ये न्यायालयाने विद्यापीठाने भेदभाव केल्याचा निकाल दिला आणि २०२४ मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम ठेवला. विद्यापीठाचं म्हणणं होतं की ठरलेली प्रक्रिया पूर्ण झाली नव्हती, निदान हाती नव्हतं. न्यायालयाने ते मानलं नाही, अडचण समोर दिसत होती म्हणाले.

आणि आपल्या मुलांबद्दल. इथे स्थानिक अपंग विद्यार्थ्यांना सरकारी भत्ता मिळतो, भारतातून आलेल्यांना तो नाही. पण विद्यापीठाने करायच्या सोयी त्यांनाही लागू आहेत. तरी फॉर्मवर अपंगत्वाच्या चौकटीत आपली मुलं 'नाही' वर खूण करतात. एकाला विचारलं तर म्हणाला, "आईने सांगितलंय, उगाच कुठे नोंद नको, पुढे लग्नाच्या वेळी निघतं." लंडनच्या विद्यापीठाच्या फॉर्मवरून सोलापूरचं स्थळ कसं मोडतं हे मला अजून समजलेलं नाही.

निशिगंध

बहिऱ्या मुलांबद्दल कोणीच बोललं नाही, नेहमीप्रमाणे. माझी धाकटी बहीण श्रवणयंत्र लावते आणि ओठ वाचते. सर फळ्याकडे तोंड करून बोलायला लागले की तिचं लेक्चर संपलं. आता मोबाईलवर बोललेलं मराठीत लिहून दाखवणारं ॲप वापरते. शेवटच्या बाकावर, पंख्याच्या घरघरीत ते काहीही लिहायचं. मग तिने फोन सरांच्या टेबलवर ठेवायला आणि पुढच्या बाकावर बसायला सुरुवात केली. एका सरांनी "माझं लेक्चर रेकॉर्ड करायचं नाही" म्हणून फोन परत दिला. एक मॅडम स्वतःहून फोन मागून घेतात आणि हातात धरून शिकवतात. एकाच कॉलेजात, एकाच कॉरिडॉरमध्ये.

खुणांची भाषा वापरणाऱ्यांचं तर विचारूच नका. दुभाषी असलेलं साधं कॉलेज मला शोधून सापडलं नाही. अमेरिकेत गॅलॉडेट हे बहिऱ्यांचं विद्यापीठ १८६४ पासून आहे, आणि तिथेही बहिरा अध्यक्ष मिळायला १९८८ मध्ये विद्यार्थ्यांना गेट बंद करून बसावं लागलं होतं.

रोखठोक

जागा भरत नाहीत हे माहीत नव्हतं. तरी डॉक्टर-इंजिनिअरच्या बाबतीत माझा आक्षेप कायम आहे. रुग्णाच्या जिवाशी खेळ नको.

फळा_खडू

ओमकार गोंड प्रकरण वाचा. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेलं. बोलण्याचं अपंगत्व ४० टक्क्यांच्या वर म्हणून एमबीबीएसला अपात्र ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या वैद्यकीय मंडळाकडून तपासून घेतलं, ते म्हणाले शिकू शकतो. ऑक्टोबर २०२४ चा निकाल: नुसत्या टक्क्यावरून बाद करायचं नाही, हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम प्रत्यक्षात करू शकतो का ते मंडळाने तपासायचं. जिवाशी खेळ नकोच, पण तपासून ठरवा.

सदाफुली

एवढं वाचून काल रात्री भाच्यासोबत अर्ज लिहायला बसले. त्याने स्वतःच सांगितला, मी टाइप केला. मागण्या अशा: सर्व सेमिस्टर आणि अंतर्गत चाचण्यांना जादा वेळ, मराठी माध्यमाचा लेखनिक, दोन दिवस आधी भेट, नोट्स युनिकोडमध्ये, फळ्यावरची आकृती तोंडाने सांगणे, संध्याकाळी पाचनंतर तास किंवा प्रॅक्टिकल नको, कारण मग त्याला परतताना रस्ता दिसत नाही. शेवटची माझ्या डोक्यातही नव्हती, त्यानेच घातली.

दोन प्रश्न. कॉलेजने ऐकलं नाही तर वर कोण? आणि अर्ज देताना बरोबर मी जावं की त्याला एकट्याला पाठवावं?

आवक_जावक

अर्ज चांगला आहे. यूडीआयडीची प्रत जोडा आणि आवक-जावक टेबलवर देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, नंबर घ्या. प्राचार्यांच्या हातात प्रेमाने दिलेला अर्ज कुठेच सापडत नाही. वर म्हणजे विद्यापीठाचा विद्यार्थी विकास विभाग, आणि तिथेही नाही झालं तर पुण्यातलं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा फॉर्मही याच कागदांत भरून टाका.

कानसेन

त्याला पाठवा. तुम्ही बाहेर कट्ट्यावर बसा. तुम्ही बरोबर असलात की टेबलापलीकडचा माणूस तुमच्याशीच बोलतो, "याला काय हवंय?"

पुस्तकाचं: पहिल्या सेमिस्टरचं सूक्ष्म अर्थशास्त्राचं मराठी पुस्तक माझ्याकडे स्कॅन आहे, ओसीआरही केलंय, पण चुका भरपूर. डोळस माणसाने मूळ पानाशी ताडून बघायला हवं. इथले चार-पाच जण एकेक प्रकरण घेतील का? कॉलेजकडची मागणी मात्र अर्जात तशीच राहू दे. आपण केलं म्हणून त्यांची सुटका नाही.

काळी_माती

पहिलं आणि दुसरं माझ्याकडे द्या. मुलाच्या प्रमाणपत्राचं काम सोमवारी आहे, त्यानंतर बसते.

टेम्सकाठी

तिसरं मी घेते.

रोखठोक

चौथं पाठवा. युनिकोड टाइप करता येतं मला.

कानसेन

रोखठोक, चौथ्यात आकृत्या आहेत. प्रत्येक आकृतीखाली तिचं वर्णन शब्दांत लिहावं लागेल. 'हा असा वर गेला' चालणार नाही.

रोखठोक

कळलं. एक नमुना लिहून दाखवा, तसं करतो.